एसपीडीत भरलेला घुमट डब्यासारखा वाजतोय, काय चुकतंय?

पॅडवाला_फोंडा | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी एक मराठी नाटक बसतं. यंदाच्या नाटकात चवथीचा (गणेशचतुर्थीचा) प्रवेश आहे, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) घुमट आरती. घुमट म्हणजे आमचं मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं वाद्य. घुमट वाजवू शकणारे आमचे दोन्ही गडी त्याच प्रवेशात पात्रं म्हणून उभे (एकाच्या हातात तर आरतीचं तबक), त्यामुळे वाजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडे रोलँडचा एसपीडी-एसएक्स आहे, नऊ पॅडचा, पॅडवर मारलं की त्यात भरलेला आवाज वाजतो. लग्नं, बारशी, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे तोच घेऊन फिरतो.

मामांचा घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं छोटं चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा) रेकॉर्ड करून पॅडवर भरलं. घरी हेडफोनवर ऐकून खूश झालो. परवा मंडपात तालमीला मोठ्या बॉक्सवर लावलं तर घुमटाच्या जागी रंगाचा रिकामा डबा! कासाळें पाण्यात बुडवून वाजवल्यासारखं. दिग्दर्शक म्हणाला, "पत्र्यावर नारळ पडताहेत का रे?"

मशीन जुनं झालं म्हणून असं होतं का? पेनड्राइव्हऐवजी केबल लावून लाइन इनमधून भरलं तर बरं येईल का? की सरळ २४ बिटवालं काहीतरी घ्यावं?

अर्धा_डेसिबल | सोमवार, रात्री १०.४०

मशीनला शिव्या नंतर घालू. मामांच्या हातापासून पॅडपर्यंत आवाज कुठकुठून गेला ते आधी सांगा. एकही थांबा गाळू नका.

पॅडवाला_फोंडा | सोमवार, रात्री १०.५२

मोबाइलवर व्हिडिओ काढला. भाच्याने त्यातला ऑडिओ काढून एमपी३ केला आणि मला चॅटवर पाठवला. मी तो एका फुकटच्या साइटवर वेव्ह करून घेतला, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, कारण एसपीडीला तेच लागतं. मग ऑडॅसिटीत (आवाज कापायचं सॉफ्टवेअर) एकेक थाप कापली, प्रत्येक थाप नॉर्मलाइझ केली, म्हणजे पूर्ण उंचीला उचलली, पेनड्राइव्हवर टाकली, पॅडवर घेतली.

गॅझेटराव | सोमवार, रात्री ११.०५

जुना एसएक्स आता विकून टाका. एसएक्स प्रो २०२२ ला आला, आत ३२ जीबी जागा आहे. सगळा त्रास संपेल.

काजूबोंडू | सोमवार, रात्री ११.०७

गॅझेटरावांना कुणी ताप आला म्हणून सांगितलं तरी ते नवा थर्मामीटर घ्यायला सांगतील.

अर्धा_डेसिबल | सोमवार, रात्री ११.४८

गॅझेटराव, त्यांच्या आवाजाची वाट पहिल्या तीन थांब्यांतच लागली आहे. नवं मशीन ती वाट आणखी इमानदारीने वाजवील, एवढंच.

पॅडवाले, वरून खाली येऊ. व्हिडिओबरोबर फोन जो आवाज साठवतो तो मुळातच दाबलेला. त्यात फोनची समजूत अशी की समोर माणूस बोलतोय. मोठा आवाज आला की तो पातळी खाली खेचतो, शांत झालं की वर उचलतो. घुमटाची थाप त्यात चेपली आणि थापेमागचा पंख्याचा आवाज फुगला. नंतर भाच्याचा एमपी३. १२८ केबीपीएसच्या एमपी३त साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक छाटलं जातं, आणि जे उरतं त्यातही कासाळ्यासारखा झणझणता आवाज सर्वांत आधी बिघडतो. तुम्ही "पाण्यात बुडवल्यासारखं" लिहिलंय ना, तीच ती खूण. चॅटवर आणखी एकदा दाबला गेला असेल तर विचारूच नका. पुढे साइटवर वेव्ह केल्याने फाइल फुगली, पण आवाज होता तिथेच राहिला. उकड्या तांदळाची पेज झाली की तिचे परत तांदूळ होत नाहीत, टोप कितीही मोठा घ्या.

एमपी३ची अजून एक खोड पॅडवाल्यांना विशेष नडते. फाइल बनवताना आणि उलगडताना सुरुवातीला हजारभर सॅम्पलची (सेकंदाला ४४,१०० घेतली जातात त्या मोजमापांची) शांतता चिकटते, ४४.१ ला साधारण २५ मिलिसेकंद. गाणं ऐकताना पत्ता लागत नाही. पॅडवर मात्र हात पडतो आणि आवाज मागून धावत येतो. तुम्ही थापा हाताने कापल्यात म्हणजे ती गेली असेल, तरी बघून घ्या.

आता २४ बिट. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरा. म्हणजे १६ ला ९६ आणि २४ ला १४४. जत्रेच्या मंडपात जनरेटर, पंखे आणि पहिल्या रांगेतली पोरं असताना त्या ९६ मधले तुम्ही वापरणार किती? २४ बिट लागतात ते रेकॉर्डिंगच्या वेळी. पातळी मुद्दाम खाली ठेवता येते, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि मामांनी अचानक जोरात थाप मारली तरी फाटत नाही. सगळी काटछाट २४ मध्येच करायची आणि शेवटी एकदाच, डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक सरसर) लावून, १६ ला उतरायचं.

लाइन इनचं विचारलंत. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून घेतलं तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग, त्याचं परत डिजिटल, वर चार्जरची घूं फुकट. पेनड्राइव्हवरून फाइल जशीच्या तशी जाते. तोच रस्ता धरा.

पॅडवाला_फोंडा | मंगळवार, सकाळी ७.३०

पेजेचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, तिला सगळं कळलं. मलाही. म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करणं आलं.

चिऱ्याची_भिंत | मंगळवार, सकाळी ९.१०

मी थोडं कडू बोलतो. पेडण्यात आमच्याकडे चवथीला घरोघर घुमट वाजतो, दहा-बारा वर्षांची पोरं वाजवतात. नाटकात आरती आहे तर एक पोरगा विंगेत बसवा ना. मातीचं भांडं प्लास्टिकच्या चौकोनात कोंबायचं आणि मग आवाज मेला म्हणून रडायचं?

मातीचं_तोंड | मंगळवार, दुपारी १.२०

भिंतबाब, तुमचं म्हणणं पटतं आणि नाहीही. मी साखळीची, लहानपणापासून घुमट वाजवते. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या पथकाने पेढे वाटले होते. पण एकाच प्रवेशासाठी वाजवणाऱ्याला रोज रात्री दोन वाजेपर्यंत विंगेत बसवायचं तर पोराची दुसऱ्या दिवशी शाळा असते. ज्याची गरज त्याला ठाऊक.

मला बोलायचंय ते रेकॉर्डिंगवर, कारण इथे कुणी घुमटाबद्दल बोलतच नाहीये. पॅडवालेदादा, तुम्ही फोन नेमका कुठे धरला होता? माझा अंदाज, चामड्यासमोर. घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं, धाकटं उघडं. उजवा हात चामड्यावर वाजतो, पण घुमट बोलतो तो डाव्या हातामुळे. उघडं तोंड हाताने झाकलं-सोडलं की तो गुमऽऽ येतो. चामड्यासमोर धरलेल्या माइकला नुसता टप् ऐकू येतो. तुमचा डबा तिथून आला.

मी दोन माइक लावते. एक चामड्यापासून वीतभर, तिरका. दुसरा उघड्या तोंडापासून हातभर लांब आणि जरा बाजूला, कारण थेट तोंडासमोर धरला तर आतली हवा माइकवर आदळून भसभसते. चामडं मात्र आधी बघून घ्या. आता सगळीकडे बकरीचंच. घोरपडीचं चामडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे बंद झालं, आणि बरंच झालं. दमट हवेत चामडं सैल पडतं. रेकॉर्डिंगच्या आधी उन्हात किंवा बल्बजवळ धरून ताणू द्या, पण थेट विस्तवावर नको.

अर्धा_डेसिबल | मंगळवार, दुपारी २.०५

ताई, सलाम. त्यालाच जोडून एक सांगतो. थाप पडते तेव्हा चामडं आत जातं, म्हणजे चामड्यासमोरची हवा ओढली जाते. त्याच क्षणी उघड्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते. एका माइकला ओढ मिळते, दुसऱ्याला ढकल. दोन्ही तसेच मिसळले तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि एवढ्या मेहनतीनंतर पुन्हा डबा. एकाची पोलॅरिटी उलटी करून बघा, म्हणजे ओढीची ढकल आणि ढकलीची ओढ. ऑडॅसिटीत इन्व्हर्ट म्हणून आहे. ज्यात पोट भरल्यासारखं वाटेल ते ठेवा. ड्रमवाले स्नेअरला वरून-खालून माइक लावतात तेव्हा हेच करतात.

मिसळून झालं की मोनो करा, डावं-उजवं नसलेला एकच आवाज. मंडपातला साउंडवाला बहुधा तुमची एकच केबल घेतो आणि सगळं मोनोच वाजवतो. फोनच्या स्टिरिओतले डावे-उजवे तिथे एकत्र आले की उरलासुरला खर्जही जातो. हेडफोनवर छान आणि बॉक्सवर डबा, याचं निम्मं उत्तर हे असू शकतं. जागाही निम्मी लागते. मोनोत मिनिटाला सव्वापाच एमबी, स्टिरिओत साडेदहा.

जुनी_टेप | मंगळवार, रात्री ९.३०

म्हातारा बोलतो, ऐकून घ्या. तुम्ही सगळे स्वच्छतेच्या मागे लागलाय. इ-म्यूचा एसपी-१२०० सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) भरून वाजवायचं मशीन, आला १९८७ ला. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही नाही, आणि सगळी मिळून दहा सेकंदांची जागा. लोक ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये खाली उतरवायचे. जागा वाचायची आणि आवाज असा करकरीत व्हायचा की अजून लोक त्यासाठी पैसे मोजतात. इथे अंजुण्याला नव्वदीत डॅट (डिजिटल) टेपवर रात्रभर पार्ट्यांत वाजायचं, १६ बिटच होतं ते. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. (ज्या अवस्थेत ते असायचे त्यात केलीही नसती.)

माझ्याकडे तसलाच अकाईचा एमपीसी २०००एक्सएल सॅम्पलर आहे, अजून चालू. फ्लॉप्यांना मात्र म्हापशाच्या पावसाने बुरशी आणली.

अर्धा_डेसिबल | मंगळवार, रात्री ९.५५

काका, १२ बिटचा करकरीतपणा हवा म्हणून घेणं वेगळं आणि चॅटवरची फाइल नाइलाजाने वाजवणं वेगळं. पहिल्यात निवड आहे. चवथीच्या आरतीला मात्र आम्हांला माती हवीय.

जुनी_टेप | मंगळवार, रात्री १०.०२

हे मान्य. तरी आमच्या मशीननी शिकवलेली एक गोष्ट त्याला सांगतो. सॅम्पलचा सूर मशीनमध्ये वर-खाली करू नकोस. ज्या सुरात वाजवायचंय त्या सुरात कॉम्प्युटरवर करून घे आणि मगच भर. आमच्या काळी इलाज नव्हता. मशीनची गणितं घाईची असतात, तिला त्याच क्षणी वाजवायचं असतं. कॉम्प्युटरला कसली घाई नाही.

पॅडवाला_फोंडा | रविवार, रात्री ८.४५

अहवाल देतो.

मित्राचा हातात धरायचा रेकॉर्डर आणि एक बाहेरचा माइक मिळाला. मामांच्या मधल्या खोलीत, दारांना गाद्या टेकवून, पंखा बंद, सकाळी साडेसहाला सुरुवात. २४ बिट, ४८. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन माइक. पोलॅरिटी उलटी केली आणि अहो, एकदम खोलीत कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं! दहा वेळा उलटसुलट करून ऐकलं.

मग सगळ्या थापा कापल्या, मोनो केल्या, ४४.१ आणि १६ ला उतरवल्या, पॅडवर भरल्या आणि जोरात वाजवल्या. प्रत्येक खुल्या थापेच्या शेवटी काहीतरी बारीक "पों". पॅडला काय झालं म्हणून घाबरलो. फाइल उघडून थापेचं शेपूट (मागे रेंगाळणारा आवाज) मोठं करून ऐकलं तर पोदेर! सायकलवर पाव घेऊन आलेला, भोंगा वाजवत. मी खुल्या थापेचा एकच चांगला नमुना घेऊन चार पॅडांना लावला होता, म्हणून आरतीभर पोदेर दारात.

तो काढायला नॉइज रिडक्शन मारलं तर घुमटाचं शेपूट खळखळायला लागलं. आता काय?

काजूबोंडू | रविवार, रात्री ८.५०

राहू दे रे. चवथीच्या सकाळी पोदेर येतोच. वास्तववादी नाटक.

मातीचं_तोंड | रविवार, रात्री ९.१५

हसून हसून पुरेवाट. दादा, दुसरी थाप घ्या. सापडेल रेकॉर्डिंगमध्ये. आणि एकच नमुना चार ठिकाणी लावू नका. माणसाच्या दोन थापा कधी सारख्या नसतात. तीच ती थाप आली की कान लगेच पकडतो, शिलाई मशीनसारखी वाटते.

अर्धा_डेसिबल | रविवार, रात्री ९.४०

ताई बरोबर सांगतात. एसपीडीत एका पॅडवर मेन आणि सब अशा दोन वेव्ह बसतात. हलक्या थापेला एक आणि जोराच्या थापेला दुसरी लावा. खुली आणि झाकलेली थाप एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे झाकलेली वाजली की आधीच्या खुलीचं शेपूट तुटेल. खऱ्या घुमटावर डावा हात नेमकं तेच करतो.

शेपटावर नॉइज रिडक्शन नको. आवाज खोलीच्या शांततेत मिसळतो तिथे हलका फेड आउट द्या, बस. सुरुवात थापेच्या अगदी काठावर कापा, मात्र लाट शून्यावरून जाते तिथे, नाहीतर दर थापेला टिक् येईल.

आता मुख्य भानगड. तुम्ही मागे लिहिलं होतं, प्रत्येक थाप नॉर्मलाइझ केली. या वेळीही केलीत का?

पॅडवाला_फोंडा | रविवार, रात्री ९.४६

केली. नको होती का? आवाज मोठा यावा म्हणून केली.

अर्धा_डेसिबल | रविवार, रात्री १०.२०

तिथेच चुकलं. मामांची हलकी थाप आणि जोराची थाप यांतलं अंतर हेच तर वादन. प्रत्येकीला स्वतंत्रपणे वर उचललंत की सगळ्या एका उंचीच्या झाल्या, आणि हलकीमागची खोलीची सूंसूंही तिच्याबरोबर वर आली. सगळ्या थापा एकाच लांब फाइलमध्ये ठेवा, सर्वांत मोठी थाप उणे १ डेसिबलवर येईल इतकं आख्ख्या फाइलला एकदाच उचला, आणि त्यानंतर कापा. हलक्या थापा हलक्याच राहतील. राहू द्या.

पॅडची लेव्हल मात्र आत थोडी खाली ठेवा. घुमट, शामेळ आणि कासाळें एकदम वाजले की तिघांची बेरीज होते आणि मशीनचं आउटपुट फाटतं. मोठा आवाज साउंडवाल्याच्या डेस्कवर वाढवायचा, तुमच्याकडे नाही.

४८ चं ४४.१ कशाने केलंत?

पॅडवाला_फोंडा | रविवार, रात्री १०.२६

ऑडॅसिटीत प्रोजेक्ट ४४.१ ला ठेवून एक्सपोर्ट. चाललं ना?

अर्धा_डेसिबल | रविवार, रात्री १०.३१

उत्तम. ते काम ती नीट करते. पुढच्या वेळी रेकॉर्डरच ४४.१ ला लावा, म्हणजे ही पायरीच वाचेल. मी एकदा घाईत ४८ ची फाइल रॉ म्हणून उघडताना ४४.१ सांगून बसलो होतो. सगळं जवळजवळ दीड सेमीटोन खाली गेलं. गायक बिचारा पेटीवाल्यावर डाफरत होता आणि मी गप्प.

चिऱ्याची_भिंत | सोमवार, सकाळी ८.००

इतकी खटपट वाचून माझा राग गेला. झाकलेली थाप तीन प्रकारची घ्या, पूर्ण झाकलेली, अर्धी, आणि झाकता झाकता मारलेली. तिसरी नसेल तर आमच्यासारख्यांना लगेच कळतं.

पॅडवाला_फोंडा | गुरुवार, रात्री ११.५०

आजच्या तालमीतून आत्ताच आलो.

भिंतबाबांनी सांगितलेली तिसरी थाप रेकॉर्डिंगमध्ये दोनच ठिकाणी सापडली, एकीत मामांचं खोकणं. दुसरी घेतली. सगळं एकदाच उचललं, नंतर कापलं. मंडपात लावल्यावर साउंडवाल्याने स्वतःहून विचारलं, घुमट कुठे लपवलाय. कासाळें अजून थोडं बोचतं, पण ते बॉक्सचंही असेल. पहिल्या रांगेत बसून ऐकलं तर ठीक वाटतं.

मामांना मुद्दाम बोलावलं होतं. पूर्ण आरती डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "घुमट माझोच. पूण हात थंड आसलो रे." खरंय. सकाळी साडेसहाला, चहाही न देता मी त्यांना बसवलं होतं. आता रविवारी परत जातोय. आधी अर्धा तास त्यांना नुसतं वाजवू देणार, आणि रेकॉर्डर चालू करणार तो पोदेर येऊन गेल्यावर.